चाहत्यांचा शोक: अ‍ॅनिमेशन आणि चित्रपटांतील कलावंतांच्या निधनानंतर काय करावे, काय टाळावे

चित्रपट किंवा अ‍ॅनिमेशन या क्षेत्रांतील एखाद्या मान्यवराचे निधन झाले की चाहत्यांपुढे काही प्रश्न दर वेळी नव्याने उभे राहतात: बातमी खरी आहे का, फुले कोठे पाठवावीत, देणगी कोणाकडे द्यावी, आठवण म्हणून काढलेले चित्र प्रसिद्ध करता येते का, अर्धवट राहिलेल्या कामाचे काय होणार, आणि जिची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही अशा व्यक्तीसाठी इतके वाईट वाटणे योग्य आहे का. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे इष्ट ठरेल. हे दुःख खरे असते आणि त्याबद्दल संकोच वाटण्याचे कारण नाही. अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत तर प्रेक्षकाने कलावंताचा चेहरा बहुधा पाहिलेलाच नसतो, पण त्याच्या हाताची रेषा लहानपणापासून हजारो वेळा पाहिलेली असते. मात्र नातेवाइकांच्या दुःखाला सुतक, दहावा-तेरावा, भेटीला येणारी माणसे असा एक ठरलेला मार्ग असतो, तसा चाहत्याच्या दुःखाला नसतो. त्यामुळे ते मिळेल त्या वाटेने बाहेर पडते आणि ती वाट अनेकदा शोकाकुल कुटुंबाच्या अंगणातून जाते. पुढील सर्व सूचनांमागे एकच भूमिका आहे: अंत्यविधी आणि खासगी शोक यांबाबत कुटुंबाचा शब्द अखेरचा मानावा, आणि चाहत्याने आपली सारी शक्ती त्या कलावंताच्या कामाकडे वळवावी.

बातमी खरी आहे का, हे कसे ठरवावे

ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले यांचे निधन २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात झाले, परंतु त्याच्या दोन-तीन दिवस आधीच ते गेल्याची अफवा पसरली होती, अनेकांनी श्रद्धांजलीही वाहून टाकली होती आणि रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसलेल्या कुटुंबीयांना ते हयात असल्याचा खुलासा करावा लागला होता. श्रद्धांजलीला काही तासांचा उशीर झाला तर कोणाचेही नुकसान होत नाही. घाई झाली तर मात्र ती थेट कुटुंबाला जाऊन लागते.

याच्या उलट गोंधळ जपानी कलावंतांच्या बाबतीत होतो. तेथे अनेकदा आधी खासगी अंत्यविधी उरकला जातो आणि मगच निधनाची घोषणा होते, त्यामुळे मधल्या दिवसांचा हिशेब लागत नाही आणि चाहत्यांना काहीतरी लपवले गेल्याचा संशय येतो. काही उदाहरणे पाहावीत.

- 'बर्सर्क' या चित्रमालिकेचे कर्ते केंतारो मिउरा: निधन ६ मे २०२१, घोषणा २० मे.
- 'ड्रॅगन बॉल'चे कर्ते अकिरा तोरियामा: निधन १ मार्च २०२४, घोषणा ८ मार्च.
- १९७९ ते २००५ या काळात जपानी 'डोरेमॉन'ला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा: निधन २९ सप्टेंबर २०२४, घोषणा ११ ऑक्टोबर.

हा विलंब म्हणजे लपवाछपवी नव्हे. घरच्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेले ते दिवस असतात.

खातरजमा करताना मूळ निवेदन कोणाचे आहे ते पाहावे, म्हणजे ते कुटुंबाने, प्रकाशकाने किंवा निर्मितीसंस्थेने दिले आहे का, हे तपासावे. बातमीवरील वर्षही वाचावे, कारण जुन्या निधनवार्ता नव्याने फिरत असतात. मृत्यूचे कारण निवेदनात असेल तेवढेच खरे मानावे आणि नसेल तर तर्क करू नये. 'शिनचॅन' ही मालिका अपघातात दगावलेल्या एका खऱ्या मुलावर बेतलेली आहे, अशी एक हृदयद्रावक गोष्ट भारतातही वर्षानुवर्षे फिरते आहे. ती बनावट आहे. खरी दुःखद घटना वेगळीच आहे: त्या मालिकेचे कर्ते योशितो उसुई हे सप्टेंबर २००९ मध्ये एकटे डोंगरभटकंतीला गेले असता कड्यावरून पडून मरण पावले. बनावट गोष्टीवर अश्रू ढाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे नाव ठाऊक नसते.

निवेदन ओळ न ओळ वाचावे

निधनाचे अधिकृत निवेदन चाहत्यांकडून बहुधा पहिल्या वाक्यापर्यंतच वाचले जाते, वास्तविक कामाच्या सूचना पुढे असतात. तोरियामांच्या निवेदनात निधनाची तारीख, मेंदूच्या आवरणाखालील तीव्र रक्तस्राव हे कारण आणि ६८ हे वय सांगून झाल्यावर असे कळवले होते की अंत्यविधी कुटुंबीय आणि अगदी मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत पार पडला आहे, सांत्वनासाठी भेटी, फुले, नैवेद्य आणि 'कोदेन' स्वीकारले जाणार नाहीत, आणि कुटुंबीयांच्या मुलाखती घेण्याचा प्रयत्न करू नये. कोदेन म्हणजे जपानी अंत्यविधीला येणारा माणूस विशिष्ट पाकिटातून देतो ती रक्कम. तिच्या बदल्यात काही भेट परत पाठवण्याची तेथे रीत असल्याने हजारो चाहत्यांचे कोदेन स्वीकारणे म्हणजे शोकात बुडालेल्या घरावर हजारो परतफेडींचा भार टाकणे ठरते. नकार उर्मटपणाचा नसून असा व्यवहारी असतो, हे लक्षात घेतले की त्याचे वाईट वाटत नाही.

खासगी अंत्यविधीनंतर काही आठवड्यांनी 'ओवाकारे-नो-काई', म्हणजे निरोपसभा, भरवण्याची पद्धतही तेथे आहे. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या १९८८च्या चित्रपटाचे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचे ५ एप्रिल २०१८ रोजी निधन झाले आणि निरोपसभा १५ मे रोजी मिताका येथील जिब्ली संग्रहालयात झाली, जिच्यात हायाओ मियाझाकी यांनी आपल्या या अर्ध्या शतकाहून जुन्या सहकाऱ्याला साश्रू निरोप दिला. तेव्हा पहिल्या दिवशी फुले पाठवण्याची सोय नसली तरी निराश होऊ नये. अशा सभेची घोषणा होते का, याची वाट पाहावी.

पत्र पाठवायचे असेल तर ते प्रकाशकाच्या किंवा निर्मितीसंस्थेच्या जाहीर पत्त्यावर पाठवावे, एका पानापेक्षा मोठे करू नये, आणि आपल्या दुःखाच्या वर्णनापेक्षा कोणते काम कोठे, कोणत्या वयात पाहिले आणि त्यातले काय मनात राहिले ते लिहावे. निवेदनात घरचा पत्ता नसेल तर तो शोधून काढू नये.

भारतात अंत्यदर्शन बहुधा सार्वजनिक असते. लता मंगेशकर यांच्यावर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी शिवाजी पार्कवर झालेले अंत्यसंस्कार लाखो मराठी घरांनी आपल्याच घरातले मानले. तरीही तेथे जाणाऱ्यांनी पार्थिवाची छायाचित्रे काढू नयेत, रडणाऱ्या नातेवाइकांसमोर भ्रमणध्वनी धरू नये आणि पोलिसांनी रांग थांबवली तर हुज्जत घालू नये. कन्नड अभिनेते राजकुमार यांचे एप्रिल २००६ मध्ये निधन झाले तेव्हा बेंगळुरूत अनावर झालेल्या जमावाच्या हिंसाचारात माणसे दगावली आणि त्यांत एक पोलीसही होता. ज्याच्यासाठी लोक जमले होते त्याच्या नावाला त्याच दिवशी हा डाग लागावा, ही गोष्ट कोणत्याही चाहत्याला अस्वस्थ करणारी आहे.

नावे आणि घटनास्थळ: क्योतो अ‍ॅनिमेशनचा धडा

१८ जुलै २०१९ रोजी जपानमधील क्योतो शहराच्या फुशिमी भागात क्योतो अ‍ॅनिमेशन या संस्थेच्या पहिल्या स्टुडिओला एका माणसाने पेट्रोल ओतून आग लावली आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. अ‍ॅनिमेशनच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा घात होय, आणि चाहत्यांच्या शोकाबाबतचे जवळजवळ सर्व अवघड प्रश्न या एका घटनेत एकत्र आले होते.

पहिला प्रश्न नावांचा. मृतांमध्ये यासुहिरो ताकेमोतो यांच्यासारखे नावाजलेले दिग्दर्शक होते, तसेच नुकतेच कामाला लागलेले तरुण चित्रकारही होते, ज्यांचे नाव श्रेयनामावलीत एखाद-दोन वेळाच झळकले होते. अनेक कुटुंबांनी नावे जाहीर करू नयेत अशी विनंती केली, पोलिसांनी ती टप्प्याटप्प्याने जाहीर केली, त्यावरून तेथील वृत्तपत्रांवर टीका झाली, आणि पुढे खटल्याच्या वेळीही अनेकांची नावे न्यायालयात उच्चारली गेली नाहीत. इकडे जगभरच्या चाहत्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात श्रेयनामावल्या चाळून कोण वाचले असेल आणि कोण नसेल याच्या याद्या करायला सुरुवात केली होती. त्यामागे प्रेम होते, यात शंका नाही. पण आपल्या मुलाचे नाव 'बहुधा मृत' म्हणून परक्याने लिहिलेले वाचणाऱ्या आईला त्या प्रेमाचा काही उपयोग नसतो. सामूहिक दुर्घटनेत नावांच्या याद्या करू नयेत, आणि कुटुंबाने नाव न देण्याची इच्छा व्यक्त केली असेल तर नाव अन्यत्र छापून आले तरी ते पुढे पाठवू नये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या 'व्हायोलेट एव्हरगार्डन' मालिकेतील चित्रपटात संस्थेने त्या कामात सहभागी असलेल्या सर्वांची नावे श्रेयनामावलीत दिली. नाव घेण्याची योग्य जागा आणि योग्य माणूस कोण, हे त्यातून दिसते.

दुसरा प्रश्न घटनास्थळाचा. जळालेली इमारत दाट वस्तीत होती, आणि तेथे येणाऱ्या चाहत्यांमुळे शेजाऱ्यांच्या रोजच्या जगण्यावर ताण पडत होता. शेजाऱ्यांनीही ती आग डोळ्यांनी पाहिली होती, हे दूरच्या चाहत्याच्या लक्षात येत नाही. फुले वाहण्यासाठी काही काळ स्वतंत्र जागा करण्यात आली, नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात जाहीर निरोपसभा झाली, इमारत २०२० मध्ये पाडण्यात आली, आणि स्मारक त्या जागी न करता जुलै २०२४ मध्ये उजी शहरातील एका सार्वजनिक उद्यानात उभारण्यात आले, ज्यावर ३६ पक्षी कोरलेले आहेत. जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी ज्यांना या कलावंतांना वंदन करायचे असेल त्यांनी उजीला जावे. फुशिमीतील मोकळा भूखंड शोधत त्या गल्ल्यांतून फिरू नये.

देणगी द्यायची असेल तर

क्योतो अ‍ॅनिमेशनने २४ जुलै २०१९ रोजी स्वतःचे बँक खाते जाहीर केले आणि त्यात ३ अब्ज येनहून अधिक रक्कम जमा झाली. अमेरिकेतील एका वितरक कंपनीने केलेल्या आवाहनालाही २३ लाख डॉलरहून अधिक प्रतिसाद मिळाला. परदेशी बँकेत पैसे पाठवण्याचा खर्च न परवडणाऱ्या चाहत्यांनी संस्थेच्या दुकानातून संगणकावर उतरवून घेता येणारी चित्रे विकत घेतली, कारण त्यात कोणाला पुडके बांधून पाठवण्याचे श्रम नव्हते. ही युक्ती आजही उपयोगी आहे: कलावंताचे काम अधिकृत विक्रेत्याकडून विकत घेणे, हीसुद्धा मदतच असते.

१. घटनेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत निघालेल्या आवाहनांना पैसे देऊ नयेत. संस्था किंवा कुटुंब स्वतः खाते जाहीर करीपर्यंत थांबावे.
२. कोणाच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर 'कुटुंबासाठी' म्हणून मागितलेली रक्कम देऊ नये, मागणारा ओळखीचा चाहता असला तरीही.
३. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतात आयकराची सवलत मिळत नाही. ८०-जी या नावाने ओळखली जाणारी सवलत मान्यताप्राप्त भारतीय संस्थांना दिलेल्या देणगीपुरती आहे, २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला ती लागू होत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

पैसे न देताही काही मोठे करता येते. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी निधन झाले, त्यांच्या वडिलांप्रमाणेच त्यांचेही नेत्रदान झाले, आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचा संकल्प करणाऱ्यांची रीघ लागली. असा संकल्प करताना घरच्यांना तो स्पष्ट सांगून ठेवावा, कारण मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलावण्याचे काम आणि संमती देण्याचे काम त्यांनाच करायचे असते.

चित्र, चित्रफीत, आवाज: हक्क कोणाचे

लोकप्रिय पात्राचे आदरांजलीपर चित्र स्वतः काढून प्रसिद्ध केले तर त्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही, पण पात्राचा स्वामित्वहक्क मूळ धारकाकडेच राहतो, म्हणून तेच चित्र टी-शर्टवर किंवा स्टिकरवर छापून विकणे परवानगीशिवाय करू नये. भारतीय कायद्यानुसार साहित्य, चित्र, संगीत यांचा स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो, तर चित्रपटाचा प्रकाशनानंतर ६० वर्षे. निधन झाले म्हणून काम मोकळे झाले, हा समज चुकीचा आहे. समीक्षा किंवा रसग्रहण करताना आवश्यक तेवढा अंश दाखवण्याची मुभा कायद्यात आहे. 'श्रद्धांजली' असे शीर्षक देऊन अख्खा चित्रपट चढवण्याची नाही.

यंत्राने घडवलेल्या आवाजाचा प्रश्न नवा आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील एका गाण्यात बंबा बक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने वापरले, पण त्यासाठी दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजाचा विनापरवाना वापर झाल्याची तक्रार करून त्यांच्या कुटुंबाने एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवली. कायदा येथे अपुरा आहे: सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे मत दिले की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीबरोबर संपतो, तो वारसांकडे जात नाही. पण न्यायालय अडवत नाही तेथे चाहत्याने स्वतःला अडवावे. गेलेल्या कलावंताच्या तोंडी त्याने न उच्चारलेली वाक्ये घालणे ही आदरांजली नव्हे, मग हेतू कितीही चांगला असो.

अर्धवट राहिलेले काम

दिग्दर्शक सातोशी कोन यांना मे २०१० मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे कळले, त्यांनी ते बाहेर कोणाला कळू दिले नाही, आणि २४ ऑगस्टला वयाच्या ४६व्या वर्षी ते गेले. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरोपाच्या दीर्घ लेखात एक प्रसंग आहे: घरी अंथरुणावर असताना निर्माते मासाओ मारुयामा भेटायला आले, कोन यांनी 'ड्रीमिंग मशीन' या आपल्या अपुऱ्या चित्रपटाची काळजी बोलून दाखवली, काहीतरी मार्ग काढू असे आश्वासन मारुयामांनी दिले आणि कोन रडले. तो चित्रपट पूर्ण झालेला नाही. याउलट मिउरा यांची 'बर्सर्क' त्यांचे मित्र कोजी मोरी यांच्या देखरेखीखाली, मिउरांच्याच साहाय्यकांनी जून २०२२ पासून पुढे नेली, कारण कथेचा शेवट मिउरांनी मोरींना सांगून ठेवलेला होता. दोन्ही निर्णय आदरातूनच आले. तेव्हा काम पूर्ण करा अशी मागणी किंवा दुसऱ्या हाताने केलेल्या कामावर बहिष्कार, या दोहोंपूर्वी ते कोण करीत आहे आणि मूळ कर्त्याशी त्याचे नाते काय, हे पाहावे.

मुलांना कसे सांगावे

डोरेमॉनचा आवाज गेला असे ऐकून डोरेमॉनच मेला, असे लहान मूल समजू शकते. आवाज देणारी आजी वारली, डोरेमॉन चित्रातला असल्यामुळे तो राहतो आणि आता दुसरे कोणी त्याला आवाज देते, असे सरळ सांगावे. 'झोपली' किंवा 'देवाघरी फिरायला गेली' असे शब्द टाळावेत, कारण मुले ते शब्दशः घेतात. मुलाला त्या पात्राचे चित्र काढावेसे वाटले तर काढू द्यावे.

दुःख आवरेनासे झाले तर

काही दिवस मन उदास राहणे स्वाभाविक आहे. पण दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, जेवण आणि काम सुटलेले असेल, किंवा कलावंताने आत्महत्या केल्याच्या बातमीनंतर स्वतःच्या मनात तसे विचार येत असतील, तर थांबू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे वर्णन किंवा छायाचित्रे पुढे पाठवू नयेत. अशा तपशिलांमुळे अगोदरच खचलेल्या माणसाला धोका वाढतो, हे या क्षेत्रातील अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

श्रेयनामावली वाचावी, कागद जपावेत

चाहत्याला खरोखर मोठे काम करता येते ते येथे. 'एक अनेक और एकता' हा १९७४चा फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाला आठवतो, पण त्याच्या कर्त्यांपैकी भीमसेन एप्रिल २०१८ मध्ये, लेखिका विजया मुळे मे २०१९ मध्ये आणि अ‍ॅनिमेशनकार राम मोहन ऑक्टोबर २०१९ मध्ये गेले, तेव्हा लघुपट आठवणाऱ्या बहुतेकांना त्याची खबरही नव्हती. राम मोहन यांनी १९५०च्या दशकात मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात अमेरिकी अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स यांच्याकडे शिक्षण घेतले, सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तील अ‍ॅनिमेशनचा भाग केला, युगो साको यांच्याबरोबर 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' घडवला, आणि तरीही त्यांचे नाव सांगितल्यावर कोण, असा प्रश्न येतो. ज्याचे नावच ठाऊक नाही त्याचा शोक होत नाही, आणि ज्याचा शोक होत नाही त्याचे कागद रद्दीत जातात. अ‍ॅनिमेशनमध्ये एका दृश्यामागे मुख्य स्थिती रेखाटणारे, मधल्या स्थिती भरणारे, पार्श्वभूमी रंगवणारे असे अनेक हात असतात, म्हणून हा धोका येथे अधिक आहे.

आवडत्या कामाची श्रेयनामावली थांबवून वाचावी, नावे आणि वर्षे टिपून ठेवावीत, आणि मराठी विकिपीडियावर नोंद नसेल तर छापील स्रोताच्या आधारे ती करावी. त्या पिढीतले कोणी चित्रकार, छायालेखक किंवा संकलक आपल्या माहितीत हयात असतील तर परवानगी घेऊन त्यांच्या आठवणी आताच ध्वनिमुद्रित कराव्यात, शोकसभेची वाट पाहू नये.

घरात जुनी भित्तिपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका, छायाचित्रे किंवा रेखाटने असतील तर ती लॅमिनेट करू नयेत आणि फाटलेल्या जागी साधी चिकटपट्टी लावू नये. कोरड्या जागी सपाट ठेवून मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने तपशील लिहावा. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर फिल्म कुजू लागली आहे असे समजून ती इतर डब्यांपासून वेगळी करावी, आणि १९५०च्या आधीची फिल्म असेल तर ती ज्वालाग्राही नायट्रेटची असू शकते म्हणून घरात उघडू किंवा चालवू नये. असे साहित्य पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे देता येते. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे आणि तेथे चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके, पुस्तिका व छायाचित्रेही जतन केली जातात. वस्तू थेट घेऊन जाण्याऐवजी आधी यादी पाठवावी, प्रत्येक वस्तू कोणाकडून आणि साधारण कधी मिळाली ते त्यात लिहावे, आणि देताना पोच घ्यावी.